काटकसरमीमांसा (पूर्वार्ध, उत्तरार्धाचा कागद वाचवला आहे)

भारतीय दर्शने सहा, असे पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असते. सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, पूर्वमीमांसा आणि वेदान्त. सातवे दर्शन मराठी स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कप्प्यात, घडी घातलेल्या पिशव्यांच्या मागे पडून आहे. त्याला सूत्रकार नाही आणि भाष्यकारही नाही, कारण ज्यांनी ते रचले त्यांना लिहायला बसायच्या वेळीच नेमके पाणी येत असे. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत प्रबंध हाती घेतला आहे. तो पाठकोऱ्या कागदांवर लिहिला असून कागदांच्या दुसऱ्या अंगास एका सोसायटीच्या वार्षिक सभेचा वृत्तांत आहे. मजकुरात कुठे टाकीच्या गळतीचा उल्लेख आढळल्यास तो भाग प्रक्षिप्त समजावा.

वादाची रीत शास्त्राने ठरवून दिली आहे. आधी पूर्वपक्ष, मग त्याचे खंडन, मग सिद्धांत. या प्रबंधात पूर्वपक्षी म्हणजे नवरा आणि सिद्धांती म्हणजे गृहिणी. काही घरांत नवराच चहाच्या पातेल्यातली पूड दुसऱ्यांदा उकळायला लावतो हे आम्ही जाणतो. पण ती घरे अपवादात मोडतात, आणि तिथे चहाला जाऊ नये. पूर्वपक्षाचे म्हणणे सर्व काळी आणि सर्व पेठांत एकच असते, ते असे : "पण ह्या सगळ्यातून वाचतात किती?" पुढचा सगळा खटाटोप या एका प्रश्नासाठी आहे.

शास्त्रात पहिले काम लक्षण करण्याचे. 'कमी खर्च करणे म्हणजे काटकसर' हे लक्षण अतिव्याप्त आहे, कारण ते कंजूष माणसाला लागू पडते आणि महिनाअखेरीस आपल्यापैकी कुणालाही लागू पडते. 'गरजेपुरताच खर्च करणे' म्हणावे तर ते अव्याप्त ठरते. एप्रिल-मे महिन्यांत तीच गृहिणी वर्षाचे गहू, तांदूळ, तूरडाळ आणि तिखटाच्या मिरच्या एकदम घरात आणते. गच्चीवर जुन्या चादरी पसरून डाळीला ऊन दाखवते, तिला एरंडेल चोळते, तांदळाला बोरिक पावडर लावते आणि कावळ्यांवर लक्ष ठेवायला पूर्वपक्षीला काठी देऊन बसवते. त्या महिन्यात खर्च गरजेच्या कैक पट असतो आणि काटकसर मात्र ऐन भरात असते. (मोबाइलवरून एक-एक किलो तांदूळ मागवणाऱ्या वाचकांनी हा भाग इतिहास म्हणून वाचावा.) बऱ्याच ऊहापोहानंतर निर्दोष लक्षण हाती लागते ते असे : संपलेल्या वस्तूला संपलेली न मानणे म्हणजे काटकसर.

हे लक्षण टूथपेस्टच्या नळीवर तपासता येते. पूर्वपक्षी सकाळी नळी दाबतो, काही येत नाही, तो ती संपल्याचे जाहीर करतो. सिद्धांती लाटणे फिरवते. दोन दिवस जातात. पूर्वपक्षी पुन्हा जाहीर करतो. आता ती कात्रीने नळी मधोमध कापते आणि आतल्या भिंतींवर घरातल्या सगळ्यांचे आणखी दोन दिवसांचे दात निघतात. तेलाची पिशवी कढईवर उलटी टांगून ठेवतात, तुपाच्या बरणीत गरम भात कालवतात, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत दही फिरवतात. वस्तू संपली हे ठरवण्याचा अधिकार वापरणाऱ्याला नसतो, हे तत्त्व एकदा मान्य केले की बाकीचे शास्त्र सोपे आहे.

सांख्यांचा सत्कार्यवाद सांगतो की कार्य कारणात आधीपासूनच असते. तेल तिळातून निघते, कारण ते तिळात असते. वाळूतून निघत नाही. सिद्धांती दुकानात चादर हातात घेते तेव्हा तिला तिच्यातले पायपुसणे दिसत असते. "धुतल्यावर पाणी नीट शोषेल ना?" असे ती विचारते आणि चादर विकणारा बुचकळ्यात पडतो. त्याला सांख्य ठाऊक नसते. चादर फक्त चादर आहे अशा समजुतीने तो उभा असतो.

कापडाच्या या अवस्थांतराचा अभ्यास प्रस्तुत लेखकाने विशेष केला आहे. टॉवेल अंग पुसण्यापासून सुरू होतो. विरला की हात पुसायला बेसिनजवळ जातो, मग ओटा पुसायला, मग लादीला, मग मोरीच्या दाराशी, आणि शेवटी खाली पार्किंगमध्ये स्कूटरच्या डिकीत त्याला वानप्रस्थ मिळतो. बनियनला इतके टप्पे नाहीत. ते एका रात्रीत अंगावरून थेट फडक्याच्या पदाला जाते, आणि पूर्वपक्षीला हे कळते ते सकाळी पंखा पुसला जात असताना. "अहो, किती भोकं पडली होती त्याला!" यावर उत्तर नसते, कारण प्रत्यक्ष प्रमाण तिच्या हातात असते. या उतरंडीत बढती नाही. ओटा पुसलेले फडके पुन्हा तोंड पुसायला आलेले कुणी पाहिलेले नाही, आणि पाहिले असल्यास ते वसतिगृहात.

एक अपवाद मात्र मोठा आहे. नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटर कापड. आजीची सुती नऊवारी वर्षानुवर्षे धुऊन धुऊन मऊ झाली की तिच्या पोटातून आधी उशीचे अभ्रे निघतात, काठाचे पिशव्यांना बंद होतात, आणि सगळ्यांत मऊ मधला भाग जपून बाजूला ठेवतात. त्याची दुपटी होतात. नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते, म्हणून घरातले सगळ्यांत जुने कापड घरातल्या सगळ्यांत नव्या माणसाला मिळते. उरलेले गोधडीत जाते. गोधडीला काही भागांत वाकळ म्हणतात, आणि तिच्यात थरांवर थर असे टाके घालून बसवलेले असतात की तीन पिढ्यांच्या साड्या एकमेकींवर पडून राहतात. जिवंतपणी ज्या सासवा-सुनांचे पटले नाही त्यांचेही इथे पटते. आमच्या मते ही उतरंड नव्हे. ही बढतीच आहे, आणि सांख्यांनी तिची नोंद घ्यायला हवी होती.

कापड फडके होण्यापूर्वी त्याची बटणे, चेन, नाडी आणि इलॅस्टिक काढून घेतात. बटणे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जातात. त्या डब्यातले बटण कुठल्या शर्टाला हुबेहूब जुळल्याचे उदाहरण आम्हाला सापडले नाही. डबा भरलेला आहे, शर्ट मात्र तळाचे बटण कापून कॉलरपाशी लावून चालवले जातात.

पिशव्यांच्या प्रश्नाकडे वळावे लागेल, पण थोडक्यात. ज्या पिशवीत इतर पिशव्या ठेवतात ती पिशवी पिशव्यांच्या मोजणीत धरायची की नाही? बर्ट्रंड रसेल यांना १९०१ साली संचांविषयी याच जातीचा पेच पडला आणि गणिताचा पाया हलला. आमच्याकडे तो पेच महाराष्ट्र सरकारने सोडवला. मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना निघाली, २३ जूनपासून दंडाची कारवाई सुरू झाली, आणि ओट्याखालचा तो सगळा संच आतल्या-बाहेरच्या भेदासकट एका रात्रीत बेकायदा ठरला. टाकला कुणीच नाही. मे महिन्यात आंबे उतरवायला लागतो.

आता साबण. जुनी वडी झिजून पातळ चीप उरते, ती ओली करून नव्या वडीच्या पाठीवर दाबून बसवतात, दुसऱ्या दिवशी दोन्ही एकजीव होतात. इथे बौद्धांचा क्षणिकवाद उपयोगी पडतो. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन आणि राजा मिलिंद यांच्यात रात्रभर जळणाऱ्या दिव्याची चर्चा आहे : पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच, की वेगळी? आमच्या न्हाणीघरातल्या साबणाविषयी हाच प्रश्न विचारता येतो. लग्नानंतर या घरात पहिला साबण आला त्यानंतर साबण कधी संपलेलाच नाही. रंग बदलला, वास चंदनाचा होता तो लिंबाचा झाला, मधे एकदा लाल औषधी वडीचा काळ येऊन गेला. पण संतती अखंड आहे. त्या पहिल्या साबणाचा अंश आजच्या वडीत तत्त्वतः उपस्थित आहे, असे सिद्धांतीचे मत. पूर्वपक्षी या जागी कागद-पेन घेतो. शंभर ग्रॅमची वडी चाळीस रुपयांची धरा, चीप तीन ग्रॅमची धरा, बचत एक रुपया वीस पैसे. "म्हणजे वाचले किती?" वीस पैशांचे तर नाणेही उरलेले नाही, पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. वाचलेल्या वीस पैशांना आत्मा आहे, देह नाही. हा पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट युक्तिवाद असून त्याचे खंडन योग्य स्थळी केले जाईल.

प्रमाणांचा विचार राहिला. न्यायशास्त्रात अनुमानाचे ठरलेले उदाहरण डोंगरावरच्या धुराचे आहे : धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. स्वयंपाकघरात उलट प्रश्न असतो. अग्नी समोर दिसतो. तो किती दिवस दिसणार? घरगुती सिलिंडरमध्ये भरलेला गॅस १४.२ किलो असतो, पण आत किती उरला हे सांगणारा काटा त्याला नसतो. पूर्वपक्षी सिलिंडर हलवतो, खांदा धरून बसतो आणि "असेल अजून" म्हणतो. सिद्धांती ओले फडके (वर वर्णिलेल्या टॉवेलाच्या तिसऱ्या अवस्थेतले) टाकीवरून फिरवते. वरचा भाग लगेच सुकतो, खालचा ओला राहतो. जिथवर ओल टिकते तिथवर आत द्रव गॅस. शिवाय टाकी लावल्याची तारीख दिनदर्शिकेवर पेन्सिलीने लिहिलेली असते. पेन्सिलीनेच, म्हणजे पुढच्या वर्षी तो कागद पाठकोरा म्हणून वापरता येतो.

कुमारिल भट्टाच्या मीमांसकांनी सहावे प्रमाण मानले, अनुपलब्धी : एखादी वस्तू नसल्याचे ज्ञान. इतरांनी त्यावर बरेच वाद घातले. त्यांनी साखरेच्या डब्याकडे पाहिले असते तर घातले नसते. पूर्वपक्षीला साखर नसल्याचे ज्ञान चहा फिका लागल्यावर होते. सिद्धांतीला ते चार दिवस आधी, डबा न उघडता, झाकण ठेवतानाच्या आवाजावरून होते. पुढे त्याच डब्यात साखरेऐवजी पोहे जातात, पोह्यांच्या डब्यात रवा येतो, आणि श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्यात मेथीदाणे. मीमांसकांनी शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य मानला होता. शीतकपाटातला 'मँगो आइस्क्रीम' लिहिलेला डबा आशेने उघडून कढीपत्ता पाहणाऱ्या मुलाला हे मत पटवून देणे कठीण आहे.

आता महागाई, जिच्यासाठी हे सारे.

२०१२ हे आधारवर्ष धरून केंद्र सरकारने चालवलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांना ४५.८६ टक्के भार होता. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेवर महागाई चार टक्क्यांवर, दोन इकडे दोन तिकडे, राखण्याची जबाबदारी आहे. दोन इकडे दोन तिकडे ही सवलत सिद्धांतीला मिठाच्या बाबतीतही मिळत नाही. तिचा स्वतःचा निर्देशांक एकाच वस्तूचा आहे आणि ती वस्तू फुकट मिळते : भाजी घेतल्यावर भाजीवाला वर टाकतो ती कोथिंबीर आणि दोन मिरच्या. तो न मागता टाकतो तेव्हा स्वस्ताई. मागितल्यावर टाकतो तेव्हा सौम्य चलनवाढ. "ताई, आज नाही परवडत" म्हणतो तेव्हा आकडे जाहीर व्हायची वाट पाहावी लागत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना विकले गेले, तेव्हा तर भाजीवाले लिंबांवर ओले फडके झाकून बसत. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला दीडशेच्या पुढे गेला, जुन्नर-नारायणगावच्या काही शेतकऱ्यांच्या हाती एकदाचे चार पैसे लागले, आणि शहरात टोमॅटोवाचून जगावे कसे यावर चर्चा झडल्या. ज्या घरात आमटीला आमसूल आणि गूळ पडतो तिथे ही चर्चा झाली नाही. आमच्या मते टोमॅटो हा मराठी आमटीतला उपराच आहे. पण हा विषय वेगळ्या प्रबंधाचा, आणि त्यासाठी कागद नाही.

गेली काही वर्षे कंपन्या एक युक्ती करतात. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाच रुपयांचाच राहतो, आतली बिस्किटे रोडावतात. अर्थतज्ज्ञांना हा नवा शोध वाटतो. सिद्धांतीने तो फार आधी लावला होता. पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढते, वाढपाची पळी बदलून लहान येते, पोळ्यांची संख्या तीच राहते आणि गोळा सुपारीएवढा कमी होतो. शिवाय तिच्या बाजूने शास्त्राधार आहे. कमलाबाई ओगले यांनी १९७० साली 'रुचिरा' हे पाककृतींचे पुस्तक लिहिले तेव्हा तराजू बाजूला ठेवून वाटी आणि चमच्याची मापे दिली, आणि तराजू न बाळगणाऱ्या हजारो नव्या सुना त्यावर स्वयंपाकाला लागल्या. पण वाटी कुठली? आमटीची, तुपाची, की बारशात आलेली चांदीची? वाटी हे ताणता-आकसता येणारे माप आहे. महागाईत वाटी लहान होते, पाककृती शब्दशः तीच राहते. कंपन्यांचा पुडा आणि आमची वाटी यांत फरक एवढाच, की वाटी लहान करणारी बाई स्वतः शेवटी जेवते, आणि पातेल्यात उरले असेल ते जेवते. हिशेबात तिचा वाटा कुठे लिहिलेला सापडत नाही. आम्ही शोधला.

पातेल्यात उरलेल्याचे काय होते ते सर्वांना माहीत आहे. पोळीची फोडणीची पोळी किंवा गूळ-तूप घालून कुस्करा, भाताचा फोडणीचा भात, तोही उरला तर थालिपिठात. फोडणी हा संस्कार आहे. त्यानंतर अन्नाला पूर्वजन्म विचारत नाहीत.

मात्र काटकसरीला मर्यादा आहे, आणि ती वाटीच्या तळाशी येते. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल ज्वारी आली, लोक तिला मिलो म्हणत, आणि तिची भाकरी कितीही थापली तरी घशाखाली उतरत नसे. तिथे लहान पळीचा उपयोग नव्हता. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांच्या मागे बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या मोर्चाला लाटणे मोर्चा म्हणतात. टूथपेस्टच्या नळीवर फिरणारे तेच लाटणे. त्या काळच्या मंत्र्यांनी ते फक्त स्वयंपाकाचे साधन आहे असे मानले असेल तर ते सत्कार्यवादात कच्चे होते.

आता पूर्वपक्षाचे राहिलेले खंडन. प्रश्न असा होता : वाचतात किती?

धुऊन टाइल्सवर चिकटवून वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, वर्तमानपत्रे, बाटल्या, तुटका मग, हे सगळे महिन्या-दोन महिन्यांनी रद्दीवाल्याकडे जाते. सिद्धांती त्याच्या काट्यावर विश्वास ठेवत नाही. तो सुतळीची गाठ वजनात धरतो आणि ती गाठ सोडून परत मागते. मिळालेले पैसे कुठल्याही पाकिटात जात नाहीत. कोथिंबिरीचे वाचलेले, रिक्षा सोडून चालत आल्याचे, साड्यांच्या सेलमधून रिकाम्या हाताने परत आल्याचे, भाऊबिजेचे, सगळे पैसे एकाच दिशेने वाहत असावेत असे पूर्वपक्षीला कधीमधी वाटे. पण अनुमानाला हेतू सापडत नव्हता.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठला पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून सांगितले की मध्यरात्रीपासून पाचशे आणि हजारच्या नोटा चालणार नाहीत. मराठी स्वयंपाकघरांचे लेखापरीक्षण त्या एका रात्रीतच झाले. तांदळाच्या डब्याच्या तळातून, उडदाच्या डाळीतून, गौरीच्या साड्यांच्या घडीतून आणि देव्हाऱ्यातल्या पोथीच्या कापडातून नोटा बाहेर येऊ लागल्या. काहींना बोरिक पावडर लागलेली होती. पाचशेच्या नोटा पाचशेच्याच होत्या, पण एकेक रुपया वीस पैशांची त्यांत काय रूपांतरे झाली होती, ते त्या नोटांकडे पाहून ओळखता येत नव्हते. पूर्वपक्षी टीव्हीचा आवाज बारीक करून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. पुढे सरकारनेही जाहीर केले की गृहिणींनी खात्यात भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेची चौकशी होणार नाही. म्हणजे इतका अंदाज दिल्लीलाही होता. घरात मात्र एकाच छपराखाली राहून तो कुणाला आला नव्हता.

"किती आहेत गं?" त्याने विचारले.

सिद्धांतीने नोटा रबर लावून बांधल्या. रबर कोथिंबिरीच्या जुडीचे होते. "तुम्ही उद्या बँकेत रांगेत उभे राहा," ती म्हणाली, "मोजायचं काम तिथला माणूस करील." दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या. तिसऱ्या दिवशी तो सकाळी सातपासून उन्हात उभा राहिला. भरणा-पावतीवरचा आकडा तिने तिच्या हाताने लिहिला होता आणि पावती घडी घालून परत घेतली होती. शास्त्राच्या दृष्टीने हा आकडा फार मोलाचा आहे. प्रस्तुत लेखकाने तो मिळवण्यासाठी अनेक मार्गांनी प्रयत्न केले. प्रत्येक वेळी चहा मिळाला.